जॉर्ज वॉशिंग्टनची व्यक्तिचित्रे : दालनात नेमका कोण दिसतो?

पोटोमॅककाठी

वॉशिंग्टन शहराच्या मध्यभागी, पूर्वी जिथे पेटंट कार्यालय होते त्या उंच दगडी खांबांच्या इमारतीत, स्मिथसोनियन संस्थेचे राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालय आहे. ते १९६८ साली लोकांसाठी खुले झाले. अमेरिकेच्या सर्व राष्ट्राध्यक्षांची चित्रे तिथे मांडलेली असतात आणि व्हाइट हाउस सोडले तर असा संपूर्ण संग्रह दुसरीकडे नाही. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना लिंकन स्मारक, विमानांचे संग्रहालय आणि कॅपिटॉल दाखवतो. तोवर सगळ्यांचे पाय दुखू लागलेले असतात आणि ही इमारत राहूनच जाते. प्रवेशाला एक पैसाही पडत नाही, त्यामुळे टाळायला तेही कारण नाही.

या धाग्याचा विषय मात्र तिथले एकच चित्र आहे, आणि त्यातून निघणारा एक प्रश्न. गिल्बर्ट स्टुअर्ट याने १७९६ मध्ये रंगवलेले जॉर्ज वॉशिंग्टनचे पूर्णाकृती तैलचित्र ‘लॅन्सडाउन चित्र’ म्हणून ओळखले जाते. उंची सुमारे आठ फूट, रुंदी पाच फूट. चित्रात ६४ वर्षांचा वॉशिंग्टन काळ्या मखमली पोशाखात उभा आहे. उजवा हात पुढे केलेला आहे, डाव्या हातात तलवार आहे, पण ती म्यानात आहे. मागे लाल पडदा आणि जोडीचे खांब, त्यांच्या पलीकडे वादळी ढग आणि कोपऱ्यात इंद्रधनुष्य. टेबलावर चांदीची दौत, लेखणी आणि कागद आहेत. टेबलाखाली जाडजूड ग्रंथ टेकवून ठेवले आहेत आणि त्यांच्या पाठीवर राज्यघटना व कायदे, क्रांतीचा इतिहास, लष्करी हुकूम अशी नावे वाचता येतात. टेबलाचा सोनेरी पाय नीट पाहिला तर तो काठ्यांच्या मोळीसारखा घडवलेला दिसतो. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यांपुढे अशीच मोळी मिरवत नेत असत. अलीकडच्या संवर्धनात वरचे जुने पिवळट वार्निश काढल्यामुळे आकाश उजळले आहे आणि पूर्वी नुसता काळा डाग वाटणाऱ्या कोटाच्या चुण्याही आता दिसतात.

हे चित्र अमेरिकेसाठी काढलेलेच नव्हते. फिलाडेल्फियाचे धनाढ्य सिनेटर विल्यम बिंगहॅम आणि त्यांच्या पत्नी ॲन यांनी ते लॅन्सडाउनच्या मार्क्विसला भेट देण्यासाठी करवून घेतले. हे मार्क्विस म्हणजे पूर्वीचे लॉर्ड शेलबर्न, जे १७८२-८३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि ज्यांनी अमेरिकेशी तह व्हावा म्हणून आपले वजन खर्ची घातले. ज्या देशाशी आठ वर्षे युद्ध केले त्याच देशाच्या माजी पंतप्रधानाच्या भिंतीसाठी हे चित्र निघाले. संग्रहालय सुरू झाले तेव्हापासून ते इथे उसने टांगलेले होते. २००० साली मालकाने ते विकायला काढले आणि किंमत सांगितली दोन कोटी डॉलर. २००१ मध्ये नेव्हाडातील डोनाल्ड रेनॉल्ड्स प्रतिष्ठानाने ती रक्कम, आणि चित्र देशभर फिरवण्यासाठी व त्याच्या दालनासाठी वर आणखी एक कोटी डॉलर दिले, म्हणून ते इथे राहिले.

माझे म्हणणे असे आहे की या चित्रात गौरव वॉशिंग्टन नावाच्या माणसाचा नाही, तर पद सोडण्याच्या कृतीचा आहे. स्टुअर्टसमोर तो १७९६ च्या एप्रिलमध्ये बसला आणि सप्टेंबरमध्ये त्याचा निरोपाचा संदेश वृत्तपत्रात छापून आला. तिसऱ्यांदा अध्यक्ष व्हायला कोणी अडवलेले नसताना त्याने नकार दिला. सेनापतीचा गणवेश नाही, छातीवर एकही पदक नाही, मागे खुर्ची आहे पण तो तिच्यावर बसलेला नाही. युरोपातल्या राजांच्या चित्रांचे सगळे सामान स्टुअर्टने उचलले आणि त्यातून राजा तेवढा वगळला. हे कौशल्य मला चेहऱ्यापेक्षा मोठे वाटते. शिवाय शरीराच्या ठेवणीसाठी स्टुअर्टने दुसऱ्याच कोणाला उभे केले होते, म्हणजे गळ्याखालचा वॉशिंग्टन हा वॉशिंग्टन नाहीच. जाणकारांनी यावर लिहावे.

शिल्पवेडा

धागा उत्तम आहे, पण पद सोडण्याच्या कृतीचा गौरव हेच निकष मानायचे असतील तर पहिला मान स्टुअर्टला देता येणार नाही. तो फ्रेंच शिल्पकार ज्याँ-आंत्वान उदाँ याचा आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८४ मध्ये वॉशिंग्टनचा पुतळा करण्याचे ठरवले आणि त्याच वर्षी जेफरसन पॅरिसला पोहोचले. त्यांनी आणि फ्रँकलिन यांनी उदाँची निवड केली. नुसत्या चित्रावरून पुतळा करण्यास उदाँ तयार नव्हता. तो फ्रँकलिन यांच्यासोबत अटलांटिक ओलांडून आला आणि १७८५ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे दोन आठवडे माउंट व्हर्नन येथे वॉशिंग्टनच्या घरी राहिला.

तिथे त्याने वॉशिंग्टनच्या चेहऱ्यावर ओले प्लास्टर थापून साचा घेतला. श्वासासाठी नाकपुड्यांत पिसांच्या नळ्या खोचल्या होत्या आणि अंगावर चादर पसरलेली होती. वॉशिंग्टनची सावत्र नात नेली तेव्हा सहा वर्षांची होती. दारातून तिने हे दृश्य पाहिले आणि आजोबा गेले असे समजून ती हादरली. तिने स्वतःच ही आठवण पुढे सांगितली आहे. तो साचा आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे आणि त्या वेळी केलेला भाजक्या मातीचा अर्धपुतळा माउंट व्हर्ननमध्येच आहे. चित्रकाराच्या हाताने आणि मर्जीने बदललेला नाही असा वॉशिंग्टनचा चेहरा आपल्याकडे एवढाच. नाक स्टुअर्टने दाखवले त्यापेक्षा अधिक सरळ आहे आणि हनुवटी बरीच भक्कम आहे.

रिचमंडच्या विधिमंडळात जो संगमरवरी पुतळा १७९६ मध्ये उभा राहिला त्यात गणवेश आहे हे खरे, पण तलवार काढून बाजूला अडकवून ठेवलेली आहे, हातात साधी फिरायची काठी आहे आणि पाठीमागे नांगर आहे. डावा हात ज्यावर टेकला आहे ती १३ काठ्यांची मोळी म्हणजे तेव्हाची १३ राज्ये. हे सेनापतीपद सोडून शेताकडे परत निघालेल्या माणसाचे शिल्प आहे. २३ डिसेंबर १७८३ रोजी अ‍ॅनापोलिस येथे वॉशिंग्टनने आपला सेनापतीचा अधिकारपत्राचा कागद काँग्रेसला परत केला होता, आणि उदाँला तोच क्षण हवा होता. स्टुअर्टने १३ वर्षांनंतर हीच कल्पना मखमलीत गुंडाळली, इतकेच.

कुंचला

शिल्पवेडा यांच्या साच्याबद्दलच्या मताशी मी सहमत आहे, मात्र ‘मखमलीत गुंडाळली’ हा शेरा अन्यायाचा आहे. साचा हाडे देतो. माणूस समोर बसल्यावर जे घडते ते साच्यात उतरत नाही. स्टुअर्टच्या बाबतीत तर ते जवळजवळ घडलेच नाही, आणि त्याची चित्रे त्याच कारणाने पाहण्यासारखी आहेत.

स्टुअर्टचा जन्म १७५५ चा, ऱ्होड आयलंडमधला. लंडनला बेंजामिन वेस्टच्या हाताखाली तो तयार झाला, तिथे नावारूपाला आला, कर्जात बुडाला, डब्लिनला गेला, तिथेही कर्ज झाले आणि १७९३ मध्ये तो अमेरिकेत परतला तो वॉशिंग्टनची चित्रे काढून देणी फेडायची हा हिशेब करूनच. तो बोलघेवडा होता. समोरच्याला गप्पांत रंगवून चेहरा मोकळा झाला की कुंचला चालवायचा, ही त्याची रीत. वॉशिंग्टनपुढे ती चालली नाही. आपण कोण आणि मी कोण हे थोडा वेळ विसरू या, असे स्टुअर्टने सुचवले, तेव्हा तसे विसरण्याची गरज नाही असे गार उत्तर मिळाले, हा किस्सा चित्रकारांच्या वर्तुळात अजून सांगितला जातो. खुद्द वॉशिंग्टनने १७८५ मध्येच एका मित्राला लिहिले होते की पहिल्यांदा चित्रासाठी बसताना मी खोगीर घातलेल्या शिंगरासारखा बिथरलो होतो आणि आता मात्र गाडीला जुंपायच्या घोड्यासारखा मुकाट चित्रकाराच्या खुर्चीकडे जातो.

लॅन्सडाउन चित्राचा चेहरा ज्या चेहऱ्याचा जुळा आहे ते चित्र म्हणजे ‘अ‍ॅथेनियम’. ते मार्था वॉशिंग्टनने मागवले होते. स्टुअर्टने डोके पूर्ण केले, मागची थोडी पार्श्वभूमी रंगवली आणि उरलेला कॅनव्हास तसाच कोरा ठेवला, कारण चित्र पूर्ण झाले असते तर ते मार्थाला द्यावे लागले असते. पुढली तीस-बत्तीस वर्षे तो त्यावरून नकला काढून विकत राहिला आणि त्यांना थट्टेने ‘माझ्या शंभर डॉलरच्या नोटा’ म्हणत राहिला, कारण एका नकलेचा भाव तेवढा होता. मार्थाला ते चित्र कधीच मिळाले नाही. आज एक डॉलरच्या नोटेवर जो चेहरा आहे तो याच चित्राचा, आरशात पाहिल्यासारखा उलटा झालेला.

आणि गंमत अशी की इतरांनी नकला केलेल्या त्याला खपत नसत. लंडनमध्ये लॅन्सडाउन चित्रावरून कोरीव छापे निघाले तेव्हा त्याला न विचारताच ते निघाले आणि तो संतापला. फिलाडेल्फियाचा एक जहाजाचा कप्तान वॉशिंग्टनचे चित्र घेऊन चीनला गेला आणि कॅन्टनच्या कारागिरांकडून काचेवर त्याच्या नकला करवून परत आला. स्टुअर्टने १८०२ मध्ये न्यायालयात जाऊन त्यांची विक्री बंद पाडली. एवढे करूनही १८२८ मध्ये तो मेला तेव्हा कर्जबाजारीच होता आणि बोस्टनमध्ये त्याला नाव नसलेल्या थडग्यात पुरले.

तिरकस_तात्या

म्हणजे राष्ट्रपित्याच्या गौरवाचे जे दालन आहे त्याचा पाया एका कर्जबाजारी चित्रकाराच्या उधारीत, एका श्रीमंत सिनेटरच्या ओळखी वाढवण्याच्या हौसेत आणि नेव्हाडातल्या पैशात आहे, असे आपण तिघांनी मिळून सिद्ध केले. माझा एकच बारीक प्रश्न आहे. या सगळ्या चित्रांत गृहस्थाचे तोंड असे घट्ट मिटलेले आणि ओठांभोवतीचा भाग फुगलेला का दिसतो? राष्ट्राची चिंता म्हणावी, की चित्रकाराचा कंटाळा?

सदाफुली

तात्या, कवळी. १७८९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा वॉशिंग्टनच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. कवळी लाकडाची होती ही समजूत अमेरिकेत शाळकरी मुलांपासून सगळ्यांना माहीत आहे आणि ती खोटी आहे. पाणघोड्याचा दात कोरून, शिसे आणि पितळ वापरून, त्यात माणसांचे दात बसवून या कवळ्या केल्या जात आणि वरचा व खालचा भाग स्प्रिंगने जोडलेला असे. स्प्रिंगमुळे तोंड उघडे पडू नये म्हणून जबडा सतत आवळून धरावा लागे. स्टुअर्टच्या चित्रातला तो करारी भाव बऱ्याच अंशी जबड्याच्या स्नायूंचा आहे.

त्या माणसांच्या दातांचा माग काढला की दालनातल्या चित्रांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. माउंट व्हर्ननच्या हिशेबाच्या वहीत १७८४ सालची एक नोंद आहे : नऊ दातांसाठी ‘निग्रोंना’ ६ पौंड २ शिलिंग दिले. ते दात वॉशिंग्टनच्या कवळीत बसले की दंतवैद्याने दुसरीकडे वापरले हे त्या नोंदीत नाही, पण व्यवहार कोणाशी झाला ते स्पष्ट आहे. वॉशिंग्टनचे निधन झाले त्या १७९९ साली माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते.

आता लॅन्सडाउन चित्राच्या तारखेकडे पाहा. वॉशिंग्टन स्टुअर्टसमोर बसला तो १७९६ चा एप्रिल. २१ मे १७९६ रोजी फिलाडेल्फियातील अध्यक्षांच्या घरातून, घरची मंडळी जेवायला बसली असताना, ओना जज नावाची मार्थाची खास दासी निघून गेली. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे तिथे सलग सहा महिने राहिलेल्या बाहेरच्या मालकाच्या गुलामाला स्वतंत्र होता येत असे, म्हणून वॉशिंग्टन मुदत भरण्याआधीच आपल्या माणसांना राज्याबाहेर फिरवून आणत असे. सत्तेवर न चिकटणारा, इंद्रधनुष्याखाली उभा असलेला अध्यक्ष त्याच वसंतात हेही करत होता. ओना न्यू हॅम्पशायरला पोहोचली. तिला परत आणण्यासाठी वॉशिंग्टनने जकात अधिकाऱ्याला पत्रे लिहिली, माणूस पाठवला, पण ती परतली नाही आणि १८४८ मध्ये कायद्याच्या दृष्टीने फरारी म्हणूनच मरण पावली.

तिचे एकही चित्र नाही. तिच्या रूपाचे वर्णन मात्र आहे, आणि ते दिले आहे अध्यक्षांच्या घराच्या कारभाऱ्याने वृत्तपत्रातल्या जाहिरातीत : वय सुमारे २०, मध्यम उंची, सडपातळ आणि नाजूक बांधा, उजळ वर्ण, चेहऱ्यावर पुष्कळ ठिपके, काळेभोर डोळे, काळे दाट केस. शोधून आणणाऱ्याला १० डॉलर बक्षीस. पोटोमॅककाठी यांच्या मूळ मुद्द्याला मी विरोध करत नाही; पद सोडणे ही मोठी गोष्ट होतीच. परंतु त्या चित्रात जे सोडून दिले ते पद होते, मालकी नव्हे, एवढे त्या मुद्द्याला जोडावे असे मला वाटते.

शिल्पवेडा

सदाफुली ताईंचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे. भर एवढीच की १२३ गुलाम वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे होते आणि त्यांना मार्थाच्या पश्चात मुक्त करावे असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. मार्थाने १ जानेवारी १८०१ रोजी, आपल्या हयातीतच, त्यांना मुक्त केले. विल्यम ली हा त्याचा युद्धकाळातला खास सेवक तेवढा लगेच मुक्त झाला. उरलेल्यांतले बहुतेक मार्थाच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीकडचे होते, त्यांना मुक्ती मिळाली नाही, ओना त्यांपैकीच.

सदाफुली

होय, आणि त्या विल्यम लीचे काय झाले ते चित्रांतच दिसते. जॉन ट्रंबुलने १७८० मध्ये लंडनला बसून, आठवणीवरून, वॉशिंग्टनचे चित्र काढले. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात मागे घोड्याशेजारी पागोटे घातलेला जो सेवक आहे तो विल्यम ली मानला जातो. पागोटे चित्रकाराच्या कल्पनेतले. वॉशिंग्टन शहरातल्याच राष्ट्रीय कलादालनात एडवर्ड सॅव्हेजचे ‘वॉशिंग्टन कुटुंब’ हे भलेमोठे चित्र आहे. त्यात पती-पत्नी आणि नातवंडे टेबलाभोवती बसून नव्या राजधानीचा नकाशा पाहत आहेत आणि उजव्या कडेला अंधारात एक सेवक उभा आहे. बाकीच्या चौघांची नावे पक्की आहेत. त्याच्याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही.

बखरकार

वाचनीय धागा. एक नाते आपल्या बाजूनेही आहे आणि ते दूरचे नाही. यॉर्कटाउन येथे १७८१ मध्ये वॉशिंग्टनपुढे ज्याच्या सैन्याने शस्त्रे ठेवली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. शरणागतीच्या वेळी आजारी असल्याचे सांगून तो स्वतः पुढे आलाच नव्हता, त्यामुळे कॅपिटॉलच्या घुमटाखाली ट्रंबुलने रंगवलेले जे शरणागतीचे चित्र आहे त्यातही तो नाही.

आपल्याकडचे चित्र मात्र त्याच्याच धोरणातून निघाले. टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि कंपनी यांची जी आघाडी कॉर्नवॉलिसने उभारली तिचा पेशव्यांशी तह १७९० मध्ये पुण्यात झाला. चार्ल्स मॅलेट हा तिथला रेसिडेंट होता. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स त्यानंतर पुण्याला आला आणि त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांना समोर बसवून चित्रे काढली. वेल्स १७९५ मध्ये वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने तहाच्या दरबाराचे मोठे चित्र पुरे केले, ते आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. पेशवा आणि नाना एकत्र असलेले वेल्सचे तैलचित्र तिथल्याच रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. म्हणजे फिलाडेल्फियात स्टुअर्ट आणि पुण्यात वेल्स यांचे काम एकाच दशकातले. फरक असा की स्टुअर्टचे चित्र लंडनला गेले आणि दोनशे वर्षांनी अमेरिकेने पैसे मोजून आपले केले. वेल्सची ही चित्रे तिकडेच राहिली. कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा तेवढा आपल्या वाट्याला आला, तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

तिरकस_तात्या

पुतळ्यांच्या वाटणीत आपण असेच. पण कुंचला यांना विचारतो, व्हाइट हाउसला आग लागली तेव्हा अध्यक्षांच्या पत्नीने हेच लॅन्सडाउन चित्र काखोटीला मारून पळ काढला ना?

पोटोमॅककाठी

तात्या, ते चित्र त्याच नमुन्याची दुसरी प्रत होती, आणि आठ फुटांचा कॅनव्हास काखोटीला मारून कोणी पळत नाही. ती प्रत १८०० मध्ये अध्यक्षांच्या घरासाठी विकत घेतलेली होती. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्रिटिश सैन्य शहरात शिरत असताना डॉली मॅडिसन यांनी ती शत्रूच्या हाती पडू देऊ नका असा हुकूम दिला, हे त्यांच्याच पत्रातून कळते. चौकट भिंतीला स्क्रूने पक्की बसवलेली होती, ती फोडून कॅनव्हास मोकळा करावा लागला. पॉल जेनिंग्ज हा तेव्हा त्या घरात गुलाम म्हणून राबणारा मुलगा होता. त्याने १८६५ मध्ये छापलेल्या आठवणींत स्वच्छ लिहिले की बाईंनी चित्र वाचवले ही कथा खरी नाही, त्यांना तेवढी सवडच नव्हती; फ्रेंच द्वारपाल आणि माळी या दोघांनी ते उतरवून गाडीत चढवले. आजही ती प्रत व्हाइट हाउसच्या पूर्व दालनात आहे. खरी-खोटी ओळखायची झाल्यास टेबलाखालच्या ग्रंथाच्या पाठीकडे पाहावे. तिथे देशाच्या नावात एक अक्षर गळलेले आहे.

सदाफुली यांनी मालकीबद्दल जोडलेले वाक्य मी स्वीकारतो. माझ्या मते त्यामुळे चित्र लहान होत नाही, पाहणाऱ्याचे काम वाढते. मात्र उदाँ आणि स्टुअर्ट यांच्यात कोण श्रेष्ठ हे ठरवताना एक गोष्ट सुटते आहे. त्या दोघांना काय टाळायचे ते कळत होते. ज्याला कळले नाही त्याचेही उदाहरण याच शहरात आहे, आणि शिल्पवेडा त्याबद्दल गप्प कसे हे मला कोडे आहे.

शिल्पवेडा

गप्प होतो ते दयेपोटी. होरेशिओ ग्रीनो याला काँग्रेसने १८३२ मध्ये वॉशिंग्टनचा पुतळा करण्यास सांगितले. इटलीत बसून त्याने प्राचीन ग्रीक शिल्पकार फिडियसच्या ऑलिंपियातील झ्यूस देवाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवला आणि १८४१ मध्ये बारा टन वजनाचा संगमरवर राजधानीत आला : सिंहासनावर बसलेला, कमरेपर्यंत उघडा, पायांत चपला, एक हात आकाशाकडे उगारलेला. डोके उदाँच्या नमुन्यावरचे आणि धड ग्रीक देवाचे. लोक हसले. कोणी म्हणाले की गृहस्थ स्नानाला निघाला आहे आणि कपड्यांसाठी हात लांबवतो आहे. दोन वर्षांत तो घुमटाखालून बाहेर अंगणात काढला, तिथे ऊनपाऊस खात राहिला आणि १९०८ मध्ये स्मिथसोनियनकडे गेला. आता तो अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

एक बाब मात्र त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे, कारण ती कोणी पाहत नाही. डाव्या हातातली तलवार त्याने म्यानात घालून मूठ समोरच्याकडे वळवून धरली आहे, म्हणजे ती परत देण्याचा आविर्भाव आहे. कल्पना तीच, उदाँची आणि स्टुअर्टचीही. पण ज्याला देव केले त्याने काही परत दिले तर त्यात नवल कसले?

कुंचला

शेवटचे वाक्य पटले. या संदर्भात चार्ल्स विल्सन पीलचे नाव कोणीच घेतले नाही, ते घेतो. वॉशिंग्टनचे सर्वांत पहिले चित्र त्याचे, १७७२ मधले. त्यात ४० वर्षांचा वॉशिंग्टन व्हर्जिनिया पलटणीच्या कर्नलच्या जुन्या गणवेशात आहे, म्हणजे ज्या ब्रिटिश राजासाठी तो पूर्वी लढला त्याच्याच चाकरीतल्या कपड्यांत. पोट किंचित सुटलेले आहे आणि चेहऱ्यावर मोठेपणाचे ओझे नाही. पीलने त्याला एकूण सात वेळा समोर बसवून रंगवले, इतके कोणीच नाही.

आणि नेत्यांच्या चित्रांचे दालन लोकांसाठी उघडण्याची कल्पनाही इथे रुजवली ती पीलनेच. १७८६ पासून फिलाडेल्फियात त्याचे संग्रहालय होते. भिंतीवर वरच्या ओळीत क्रांतीतल्या पुरुषांची चित्रे, खाली काचेच्या कपाटांत पेंढा भरलेले पक्षी, आणि पुढे एका खोलीत मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचा अख्खा सांगाडा. वॉशिंग्टन आणि बदके एकाच तिकिटात. पीलला त्यात अनादर वाटत नव्हता. सृष्टीची जशी रचना तशी समाजाची, आणि माणसे सर्वांत वर, असा त्याचा हिशेब होता. ती मांडणी मला आजच्या राष्ट्राध्यक्षांच्या गंभीर दालनापेक्षा अधिक मोकळी वाटते. फिलाडेल्फियाला जाणाऱ्यांनी प्रसिद्ध स्वातंत्र्य-घंटेच्या (लिबर्टी बेल) रांगेतून सुटल्यावर जवळच्याच सेकंड बँकेच्या इमारतीत जावे. पीलची पुष्कळ चित्रे तिथे आहेत आणि ती आकाराने लहान असल्यामुळे चेहऱ्याशी चेहरा भिडतो.

सदाफुली

ओना जज जिथून निघून गेली त्या अध्यक्षांच्या घराची जागाही तिथेच, घंटेच्या इमारतीला लागून आहे. घर पाडलेले आहे, पायाचे अवशेष उत्खननात सापडले. सेकंड बँकेतून चालत पाच-सात मिनिटे.

बखरकार

पुढच्या महिन्यात मुलीकडे मेरीलँडला येत आहे. स्टुअर्टची दोन्ही चित्रे एकाच फेरीत पाहता येतील का?

पोटोमॅककाठी

लॅन्सडाउनसाठी वॉशिंग्टनलाच यावे लागेल. अ‍ॅथेनियमचे मात्र आधी पाहून घ्या. १९८० मध्ये ते चित्र बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने आणि इथल्या संग्रहालयाने मिळून ४८ लाख ७५ हजार डॉलरला घेतले, कारण ते राजधानीला जाणार म्हटल्यावर बोस्टनकरांनी गहजब केला होता. तेव्हापासून ते काही वर्षे इकडे आणि काही वर्षे तिकडे असते. दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर कोणते चित्र सध्या भिंतीवर आहे हे दिलेले असते, आणि दालनांचे नूतनीकरण चालू असले तर तेही कळते. इथे यायचे ठरले तर गॅलरी प्लेस स्थानकावर उतरा. संग्रहालय सकाळी साडेअकराला उघडते, त्यामुळे मुलीकडून निवांत जेवून निघालात तरी चालेल.